एकदा, चार वेळा की सहा वेळा? सीओपीडीच्या एका रुग्णाच्या आठवणींचा हिशेब

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावचे बासष्ट वर्षांचे गृहस्थ. घरात आणि गावात सगळे त्यांना आबा म्हणतात, म्हणून इथेही आबाच म्हणतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम आणि आमचे निर्णय जसे होते तसेच ठेवले आहेत.

आबांनी तीस-पस्तीस हंगाम गुऱ्हाळावर काढले, त्यातले बहुतेक चुलवाणापुढे, म्हणजे उसाचा रस आटवायच्या भट्टीपुढे. दसरा-दिवाळीनंतर गुऱ्हाळ पेटतं ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतं. त्या दिवसांत चुलवाणात सुकलेली चिपाडं सतत घालावी लागतात आणि घालणारा माणूस जाळासमोर, धुरात बसून असतो. जोडीला बिडी होती, ती दहा वर्षांपूर्वी सुटली. १९९८ साली क्षयरोग झाला होता, उपचार पूर्ण झाले होते. भारतातल्या सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराच्या, रुग्णाला फक्त 'बिडी-सिगारेटचा आजार' या चौकटीत बसवता येत नाही. आबांच्या फुफ्फुसांवर बिडी, चिपाडांचा धूर आणि जुना क्षय अशा तिन्हींचे व्रण होते.

ते माझ्याकडे पहिल्यांदा आले जून २०२३च्या पहिल्या आठवड्यात. सपाटीवरून चालतानाही सोबतच्यांच्या मागे पडत, थांबून दम घ्यावा लागे. स्पायरोमेट्रीत श्वासनलिका रुंदावणारं औषध दिल्यानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा अपेक्षित प्रमाणाच्या ४६ टक्के होती, आणि एकूण सोडलेल्या हवेशी तिचं गुणोत्तर ०.५२. निदानाबद्दल शंका नव्हती.

पहिली भेट, पहिला निर्णय

सीओपीडीत औषध ठरवताना दोन गोष्टी पाहतात: रोजचा त्रास किती, आणि आजार अचानक उसळतो किती वेळा. आम्ही २०२३चा 'गोल्ड' अहवाल, म्हणजे सीओपीडीच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शिका, वापरत होतो. त्यानुसार गेल्या बारा महिन्यांत स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा प्रतिजैविकं घ्यावी लागली अशा दोन उसळी, किंवा ॲडमिट व्हावं लागलं अशी एक उसळी झाली असेल, तर रुग्ण 'ई' गटात जायचा. त्याहून कमी असतील आणि रोजचा त्रास बराच असेल, तर 'बी' गटात. म्हणजे गट ठरतो रुग्ण जो आकडा सांगतो त्यावर. मागच्या उसळी हाच पुढच्या उसळींचा सगळ्यात भरवशाचा अंदाज असतो, हे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या 'एक्लिप्स' अभ्यासात दोन हजारांहून अधिक रुग्ण तीन वर्षं पाहून दाखवलेलं आहे. इतकं वजन असलेला आकडा आपण ओपीडीच्या गर्दीत एका वाक्यात विचारून घेतो.

मीही तसाच विचारला. "आबा, गेल्या वर्षभरात आजार किती वेळा वाढला?"

"तसं काय न्हाई डॉक्टर. एकदा चैताच्या यात्रेला जोतिबाला जायला जमलं न्हाई, तेवढंच."

केसपेपरवर मी लिहिलं: उसळी एक, ॲडमिट नाही. रक्तात इओसिनोफिल या पेशींचं प्रमाण ११० आलं. श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड कोणाला उपयोगी पडेल, याचा अंदाज या पेशींवरून येतो. ३००च्या वर असतील तर फायद्याची शक्यता चांगली, १००च्या खाली असतील तर फारशी नाही. आबांचा आकडा खालच्या टोकाला होता. वर क्षयाचा इतिहास, आणि स्टिरॉइडच्या इन्हेलरने न्यूमोनियाचा धोका वाढतो हेही माहीत. म्हणून 'बी' गट ठरवला आणि श्वासनलिका रुंदावणाऱ्या दोन औषधांचं एकत्र इन्हेलर सुरू केलं, स्टिरॉइडशिवाय. कागदावरचे आकडे खरे धरले तर हा निर्णय चूक नव्हता.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, ऐन हंगामात, आबांना रात्री दोन वाजता आणलं. ओठ निळसर, बोलताना एकेक शब्द. रक्तातला कर्बवायू ६४ आणि पीएच ७.२९, म्हणजे कर्बवायू साठून रक्त आम्लाकडे झुकलेलं. बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने श्वास देणारं मशीन, लावलं, प्राणवायूचं प्रमाण ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान राखलं, दोन दिवसांनी मशीन निघालं.

अडचण

तिसऱ्या दिवशी मी पलंगाशेजारी बसून पुन्हा तोच प्रश्न विचारला, या वेळी घरच्यांसमोर. आबा म्हणाले, "ह्याच्याआधी एकदाच." त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "एकदाच कसं? सहा वेळा तरी झालंय. गेल्या साली गणपतीत ॲडमिटच केलं हुतं की." सून गप्प होती. मग ती हळूच म्हणाली, "मी लिहून ठेवलंय. घरी आहे."

एक आणि सहा यांत नुसत्या विसरभोळेपणाचं अंतर नाही. पुढचे दोन दिवस आम्ही हा आकडा नव्याने उभा केला. या प्रकरणातलं सगळ्यात शिकवणारं काम तेच होतं, म्हणून ते सविस्तर सांगतो.

पिशवी, कॅलेंडर आणि हजेरीची वही

सुनेने एक कापडी पिशवी आणली. तीत गावातल्या दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, औषध दुकानाची बिलं, गोळ्यांची अर्धीमुर्धी पाकिटं आणि एक जुनं डिस्चार्ज कार्ड होतं. शिवाय भिंतीवरचं कॅलेंडर. त्यावर दुधाचा रतीब, सिलेंडर आल्याची तारीख आणि घरखर्च लिहायची तिची सवय, आणि त्या खर्चातच मधूनमधून 'आबा दवाखाना २५०', 'आबा गोळ्या १४०' अशा नोंदी. २०२२चं कॅलेंडर रद्दीत गेलं होतं, पण नोव्हेंबरचं पान सापडलं: नातवाच्या भूगोलाच्या पुस्तकाला कव्हर म्हणून चढलं होतं. तिसरी गोष्ट मुलाने सुचवली. गुऱ्हाळाच्या मालकाकडे हजेरीची वही असते. आबांची परवानगी घेऊन मुलाने स्वतः जाऊन त्यातले खाडे उतरवून आणले. दवाखान्यातून आम्ही मालकाला फोन केला नाही. कामावरच्या माणसाचा आजार मालकाच्या कानावर आपल्यामार्फत जाता कामा नये.

हे सगळं पलंगावर पसरून आम्ही जून २०२२ ते मे २०२३ अशी एक पट्टी आखली. तारखांऐवजी सण आणि हंगाम धरून आबांना विचारत गेलो.

ऑगस्ट २०२२. पत्नीच्या मोजणीतला हा पहिला. दोन दिवस ताप, खोकला, नुसत्या तापाच्या गोळ्या, दम नेहमीइतकाच. उसळ म्हणून धरला नाही.

नोव्हेंबर २०२२, दिवाळीनंतर गुऱ्हाळ सुरू होऊन पंधरा दिवस झालेले. चिठ्ठीवर प्रतिजैविक आणि पाच दिवसांचं प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडच्या गोळ्या. हजेरीत सहा खाडे. भूगोलाच्या कव्हरवर '३००'. नक्की.

जानेवारी २०२३, संक्रांतीच्या आसपास. चिठ्ठी नाही. कॅलेंडरवर दवाखान्याचा खर्च, हजेरीत तीन खाडे, आणि पत्नीला पक्कं आठवत होतं की त्या वेळी दोन इंजेक्शनं दिली. कसली, ते कळायला मार्ग नव्हता. संभाव्य.

एप्रिल २०२३, जोतिबाची चैत्र यात्रा. चिठ्ठीवर फक्त प्रतिजैविक. नक्की. आबांना आठवलेली एकमेव उसळ हीच. चाळीस वर्षांत पहिल्यांदा गावच्या सासनकाठीसोबत डोंगरावर जाता आलं नव्हतं, म्हणून ती मनात रुतून बसली. कागदांवरून पाहता नोव्हेंबरची उसळ यापेक्षा मोठी होती. पण नोव्हेंबरमध्ये बुडाली ती मजुरी. यात्रा बुडाल्याचं दुःख वेगळं.

मे २०२३चा शेवट, वळवाच्या पावसानंतर. या वेळी डॉक्टरकडे गेलेच नव्हते. नोव्हेंबरची चिठ्ठी दुकानात दाखवून त्याच गोळ्या आणल्या. बिल तारखेसकट होतं. प्रेडनिसोलोनचा शेवटचा डोस माझ्याकडे येण्याच्या चार दिवस आधीचा. हीही नक्की.

आणि गणपतीतलं ॲडमिट होणं? डिस्चार्ज कार्डवर तारीख सप्टेंबर २०२१. पत्नी म्हणत होत्या गेल्या साली, आबा पहिल्यापासून म्हणत होते "कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी". इथे आबा बरोबर होते. भीतीदायक घटना मनात जवळ सरकतात. मागच्या गणपतीत आणि त्याच्या मागच्या गणपतीत फरक उरत नाही. रात्र ज्यांनी जागून काढली त्यांच्या मनात ती अजून कालचीच होती.

हिशेब असा झाला: तीन नक्की, एक संभाव्य. आबांचा आकडा कमी, पत्नींचा जास्त, आणि दोघांपैकी कोणीही खोटं बोलत नव्हतं.

मे महिन्याच्या बिलाने मला थांबवलं. तोंडाने घेतलेल्या स्टिरॉइडने रक्तातल्या इओसिनोफिल पेशी खाली जातात. जूनमधला ११० हा आकडा चार दिवसांपूर्वी संपलेल्या गोळ्यांच्या सावलीतला होता. आठवणीवर विसंबायचं नाही म्हणून आपण प्रयोगशाळेकडे पाहतो, पण इथे तो अहवालही आठवणीवरच उभा होता. ही उसळ आबांनी सांगितली नाही आणि मी विचारली नाही, त्यामुळे एकाच चुकीने दोन्ही आधार एका बाजूला झुकले. मला ते दोन वेगवेगळे पुरावे वाटले होते.

आबांनी का सांगितलं नाही, हे मी त्यांना सरळ विचारलं. दोन उत्तरं मिळाली. पहिलं: "हंगामात छाती भरतीयाच की. त्याला काय आजार म्हणायचं?" माझ्या 'आजार वाढला' या शब्दांचा त्यांच्यासाठी अर्थ होता ॲडमिट होणं, नाहीतर अंथरूण धरणं. गोळ्या खाऊन चार दिवसांत परत चुलवाणापुढे बसता आलं, तर ते मोजणीत येतच नव्हतं. दुसरं उत्तर थोड्या वेळाने, सून बाहेर गेल्यावर आलं: "तुमी आल्या आल्या म्हणाला हुता, धुरातलं काम सोडा. आनि सांगितलं असतं तर पोरानं दुसऱ्या दिवशी बंदच केलं असतं."

मी खरंच तसं म्हणालो होतो, प्रश्न विचारायच्या आधी. सल्ला बरोबर होता, पण त्याने पुढच्या उत्तराची किंमत आधीच ठरवून टाकली.

याबद्दलचं संशोधन दोन्ही बाजूंनी बोलतं. पूर्व लंडनमधल्या रुग्णांनी रोज डायरी लिहिली, तेव्हा जवळजवळ निम्म्या उसळी डॉक्टरांपर्यंत पोहोचल्याच नव्हत्या असं दिसलं. पण त्याच गटावरच्या २०११च्या अभ्यासात, वर्षाअखेरीस विचारल्यावर रुग्णांनी सांगितलेला आकडा त्यांच्या डायरीशी बराच जुळला. उलट, स्वित्झर्लंड आणि नेदरलँड्समधल्या रुग्णांवरच्या २०१६च्या अभ्यासात, तज्ज्ञांनी कागदपत्रं तपासून ठरवलेला आकडा आणि रुग्णांची आठवण यांचा मेळ चांगला बसला नाही. मला यात विरोध दिसत नाही. लंडनचे रुग्ण रोज लिहीत होते, उसळ कशाला म्हणायचं हे त्यांना शिकवलेलं होतं. रोज मोजणाऱ्याला वर्षाचं आठवतं. आबांना कोणी मोजायला सांगितलंच नव्हतं.

समोरचे पर्याय

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी आम्ही तिघे डॉक्टर बसलो.

एक पर्याय: तिसरं औषध म्हणून स्टिरॉइड असलेलं इन्हेलर लगेच सुरू करणं. चार उसळी आणि आता हे ॲडमिट होणं पाहता बाजू भक्कम होती. विरुद्ध बाजूला जुना क्षय, न्यूमोनियाचा धोका आणि भरवशाचा इओसिनोफिल आकडा नसणं. दाखल होण्याच्या आदल्या दिवशीच गावात स्टिरॉइडचं इंजेक्शन मिळालं होतं, म्हणून ताज्या अहवालाचाही उपयोग नव्हता.

दुसरा पर्याय माझ्या सहकारी डॉक्टरांनी मांडला: सहा आठवडे थांबा, इओसिनोफिल पुन्हा तपासा, मग ठरवा. शिस्त म्हणून हे पटण्यासारखं होतं. पण ॲडमिट होऊन घरी गेल्यानंतरचे पहिले आठवडेच सगळ्यात जोखमीचे असतात, आणि हंगाम चालू होता.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात अस्वस्थ करणारा. दोन औषधांचं इन्हेलर असतानाही आबा ॲडमिट झाले असं आपण म्हणतो, पण ते घेत होते का? "रोज घेतो" असं ते म्हणाले होते. पिशवीतली बिलं सहा महिन्यांत तीनच महिन्यांच्या औषधाची होती. तेव्हा आधीचं औषध अपुरं पडलं, की ते नीट घेतलंच गेलं नाही? या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे आजही नाही.

काय केलं

आधी क्षयाचे जंतू शोधणारी थुंकीची सीबीनॅट तपासणी आणि छातीचा सीटी स्कॅन. क्षय पुन्हा नव्हता. उजव्या फुफ्फुसाच्या टोकाला जुना व्रण होता, पण श्वासनलिका कायमच्या फुगलेल्या नव्हत्या. तसं असतं तर उसळींचा अर्थच बदलला असता. मग डिस्चार्जच्या दिवशीच तिहेरी इन्हेलर सुरू केलं, आणि सहा आठवड्यांनी इओसिनोफिल पाहून स्टिरॉइड ठेवायचं की काढायचं हे ठरवू असं घरच्यांना स्पष्ट सांगितलं. सहा आठवड्यांनी आकडा आला ३८०. स्टिरॉइड ठेवलं.

स्टिरॉइडच्या गोळ्यांचे वर्षभरातले सगळे कोर्स बेरजेला घेतल्यावर साखर तपासायचं सुचलं. गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीए१सी ६.८ निघालं. हा आकडा मधुमेहाच्या उंबरठ्यापलीकडे गेला तो फक्त त्या गोळ्यांमुळे असं म्हणता येणार नाही, पण हिशेब मांडला नसता तर ही तपासणी झाली नसती. फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लसी दिल्या.

नोंदीसाठी मोबाइल ॲप सुचवलं नाही. घरात आधीच एक चालती नोंदवही होती, भिंतीवर. सुनेशी बसून नियम ठरवला: दम नेहमीपेक्षा वाढला, कफ वाढला, कफाचा रंग पिवळा-हिरवा झाला, यातलं काहीही दोन दिवस टिकलं की त्या तारखेवर लाल ठिपका आणि दवाखान्यात फोन. नेहमीपलीकडची गोळी, इंजेक्शन किंवा वाफ घेतली तर ठिपक्याभोवती गोल. जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणायच्या नाहीत, आणि पाकिटं फेकायची नाहीत, पिशवीत ठेवायची. दर महिन्याला आमच्या सिस्टर फोन करून विचारत.

कामाबद्दल या वेळी आधी ऐकून घेतलं. चुलवाण सोडायला आबा तयार नव्हते. गुऱ्हाळ सोडायला तर मुळीच नाही. शेवटी मुलाने आणि मालकाने मिळून मार्ग काढला: जाळ घालायला पुतण्या, आणि आबा गुळाच्या ढेपा भरायच्या बाजूला. धूर तिथेही येतो, पण तोंडावर येत नाही.

पुढे काय झालं

पुढच्या वर्षभरात कॅलेंडरवर दोन गोल पडले. पहिला जुलै २०२४मध्ये, दुसरा नोव्हेंबरमध्ये. दोन्ही वेळा फोन दुसऱ्या दिवशी आला, आणि उपचार लवकर सुरू झाले. ॲडमिट व्हावं लागलं नाही. गोळ्यांचे दोन कोर्स झाले, आधीच्या वर्षी ते जास्त होते.

या सुधारणेचं श्रेय कोणाला, हे मी ठरवू शकत नाही. औषध बदललं, औषध रोज घेतलं जाऊ लागलं, काम बदललं, लसी झाल्या. शिवाय फार वाईट वर्षानंतरचं वर्ष काहीही न करता बरं जाण्याची शक्यताही असतेच.

पुन्हा करायचं तर

पहिल्या भेटीत 'आजार किती वेळा वाढला' हा प्रश्न मी विचारणार नाही. विचारेन: नेहमीच्या औषधापलीकडे गोळ्या, इंजेक्शन किंवा सलाईन कधी घ्यावं लागलं? दिवाळीपासून मागे जाऊ, मग संक्रांत, मग शिमगा. किती दिवस खाडे पडले? कुठली रात्र बसून काढली? कुठे जायचं राहून गेलं? आबांच्या बाबतीत या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी न विचारता दिलं होतं, आणि मी ते उसळींचा आकडा म्हणून लिहून घेतलं.

रक्त घेण्याआधी गेल्या महिन्यात स्टिरॉइड घेतलं का, हे नावाने न विचारता पाकीट दाखवून विचारेन. 'स्टिरॉइड' या शब्दाला आबांनी नाही म्हटलं असतं. त्यांच्यासाठी त्या 'दम्याच्या बारक्या गोळ्या' होत्या.

काम सोडण्याचा सल्ला शेवटी. आणि घरातली एकच व्यक्ती साक्षीदार धरणार नाही. पत्नींनी भीती मोजली, आबांनी गमावलेल्या गोष्टी मोजल्या, सुनेने पैसे मोजले. तारखा जुळल्या त्या पैशांच्या.

आमच्या केसपेपरवर उसळींसाठी छापील एक चौकोन होता, त्यात एक आकडा बसायचा. आता तिथे बारा महिन्यांची पट्टी आहे, आणि प्रत्येक नोंदीपुढे 'चिठ्ठी, पाकीट, घरचे, फक्त आठवण' यांपैकी आधार कुठला ते लिहायची जागा. भरायला सात-आठ मिनिटं लागतात. गर्दीच्या दिवशी ती मिळत नाहीत, म्हणून पहिली पट्टी सिस्टर भरतात आणि मी तपासतो.

डिसेंबर २०२४मध्ये आबा तपासणीला आले तेव्हा मी मुद्दाम कॅलेंडर न बघता विचारलं, या वर्षात किती वेळा गोळ्या घ्याव्या लागल्या. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "एकदाच." सुनेने काही न बोलता जुलैचं पान उलटून त्यांच्यापुढे धरलं. "हां," आबा म्हणाले, "पण तवा यात्रा नव्हती न्हवं."